दहा वर्षांनी पुन्हा कोडिंगकडे: काय विसरायला होतं, काय टिकतं आणि काय बदललेलं असतं?

२०१२ मध्ये जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा चांगली येत असलेल्या एखाद्या व्यक्तीनं आज त्याच भाषेतला नवा कोड उघडला, तर अर्ध्या गोष्टी ओळखीच्या दिसतात आणि अर्ध्या अगदीच परक्या. महिरपी कंस तेच, 'इफ' आणि 'फॉर' तेच, ओळीच्या शेवटी अर्धविरामही तोच. पण मध्येच बाणाची खूण असलेल्या ओळी येतात. व्हेरिएबलचा प्रकार लिहायच्या जागी नुसतं 'व्हार' लिहिलेलं असतं.

कोडिंगपासून लांब जाण्याची कारणं अनेक असतात. बाळंतपण आणि मुलांचं संगोपन, घरातलं आजारपण, दुसऱ्या क्षेत्रातली नोकरी, स्पर्धा परीक्षांची तयारी. काहींना मॅनेजरपदावर बढती मिळते आणि त्यानंतर कोडऐवजी फक्त एक्सेल शीट आणि मीटिंग उरतात.

परत येताना बहुतेकांच्या मनात दोनपैकी एक समज असतो. एक, 'सगळं विसरलंय, शून्यापासून सुरुवात करावी लागणार.' दुसरा, 'एकदा येत होतं ना, दोन दिवसांत आठवेल.'

हे दोन्ही समज अर्धवट आहेत. विसरलेल्या गोष्टी परत शिकायला तुलनेनं कमी वेळ लागतो. खरी अडचण येते ती पक्क्या आठवणाऱ्या, पण आता तशा न राहिलेल्या गोष्टींची. हे कसं, ते टप्प्याटप्प्यानं पाहूया.

विसरलं म्हणजे पुसलं गेलं का?

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी केला. १८८५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. प्रयोगात सहभागी झालेली व्यक्ती एकच होती, ते स्वतः.

त्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या. काही काळ जाऊ दिला आणि तीच यादी पुन्हा पाठ केली. 'किती आठवतंय' यापेक्षा 'दुसऱ्यांदा पाठ करायला किती वेळ वाचला' हे त्यांनी मोजलं. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसानं सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी सुमारे २१ टक्के.

यातून दोन गोष्टी दिसतात. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे तो मंदावतो. शिवाय यादी घडाघडा म्हणता येत नसली, तरी दुसऱ्यांदा शिकताना वेळ वाचतोच. म्हणजे डोक्यात काहीतरी उरलेलं असतं.

ही झाली अर्थहीन अक्षरांची गोष्ट. शिकलेल्या भाषेचं काय होतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांनी १९८४ मध्ये याबद्दलचा अभ्यास मांडला. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची त्यांनी चाचणी घेतली. त्यातल्या काहींना स्पॅनिश शिकून ५० वर्षांपर्यंतचा काळ उलटला होता.

पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच विसरलं गेलं होतं. पण त्यानंतर जे उरलं, ते सुमारे ३० वर्षांपर्यंत फारसं कमी झालं नाही. मुळात जितकं जास्त आणि पक्कं शिकलेलं, तितकं जास्त उरलेलं होतं.

हा अभ्यास स्पॅनिशचा आहे, त्यामुळे त्यातले आकडे प्रोग्रॅमिंगला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण परत येणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा एक प्रश्न त्यातून मिळतो. 'किती वर्षं झाली?' याइतकंच 'सोडलं तेव्हा किती पक्कं होतं?' हेही महत्त्वाचं आहे. परीक्षेपुरतं पाठ केलेलं आणि तीन वर्षं रोज वापरलेलं, यात मोठा फरक पडतो.

कोडिंगमध्ये नेमकं काय विसरायला होतं?

प्रोग्रॅमिंग येणं ही एकच गोष्ट नाही. त्यात निदान तीन थर असतात.

पहिला थर सिंटॅक्सचा, म्हणजे लिहिण्याच्या नियमांचा. कंस कुठे, स्वल्पविराम कुठे, कोणता शब्द आधी. दुसरा थर तयार साधनांचा. यादी क्रमानं लावायची असेल तर कोणतं फंक्शन, फाइल वाचायची असेल तर कोणती लायब्ररी. तिसरा थर विचार करण्याचा. मोठ्या प्रश्नाचे तुकडे कसे करायचे, कोणती माहिती कशी साठवायची, चूक कुठे असेल याचा अंदाज कसा घ्यायचा.

परत येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी पहिले दोन थर अडवतात. त्यामुळे सगळंच गेल्यासारखं वाटतं. तिसरा थर मात्र जास्त चिवट असतो.

संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांचा १९७६ मधला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. त्यांनी लोकांना दोन प्रकारचा मजकूर लक्षात ठेवायला दिला. एक नीट चालणारा फोरट्रान प्रोग्रॅम आणि दुसरा, ओळी उलटसुलट केलेला. नीट प्रोग्रॅम अनुभवी लोकांना नवख्यांपेक्षा खूप चांगला आठवला. ओळी विस्कटल्यावर मात्र त्यांना तसा फायदा राहिला नाही. याचा अर्थ अनुभवी माणसं अक्षरं पाठ करत नव्हती, 'हा भाग बेरीज करतोय, हा भाग सगळ्यात मोठा आकडा शोधतोय' असा अर्थ लक्षात ठेवत होती.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी कोड वाचणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. पायथन भाषेतला कोड वाचताना मेंदूतले भाषेचे भाग फारसे कामाला लागले नाहीत. गणित, तर्क, कोडी सोडवणं अशा अनेक अवघड कामांसाठी वापरलं जाणारं जाळं मात्र जोरात सक्रिय झालं.

तर्काची ही सवय कोडिंग थांबल्यावर लगेच थांबत नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवताना 'रक्कम भरली असेल तर शून्य, नाहीतर दंड' असं सूत्र लिहिणारी व्यक्ती तोच 'इफ-एल्स' चा तर्क वापरत असते. ऑफिसात एखादं काम कुठल्या टप्प्यावर अडलंय, हे एकेक शक्यता बाद करत शोधणं हेही डिबगिंगच्या जवळचंच काम आहे.

तुम्ही नसताना भाषेत काय घडलं?

इथे बोलीभाषा आणि प्रोग्रॅमिंगची भाषा यांचा मोठा फरक समोर येतो. दहा वर्षं मराठी बोलली नाही, तरी मराठीचं व्याकरण तेच राहतं. प्रोग्रॅमिंगच्या भाषेची मात्र नवी व्हर्जन येत राहतात.

जावाचंच उदाहरण घेऊ. जावा ६ डिसेंबर २००६ मध्ये आलं आणि जावा ७ जुलै २०११ मध्ये. मधे साडेचार वर्षांचं अंतर होतं. याच काळात, जानेवारी २०१० मध्ये, जावा बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ऑरेकलनं विकत घेतली. पुढचे मोठे टप्पे असे आहेत:

- मार्च २०१४, जावा ८: लॅम्डा आणि स्ट्रीम आले. कोडमधले 'बाण' ते हेच. तारीख-वेळेसाठी नवी लायब्ररीही आली.
- सप्टेंबर २०१७, जावा ९: मोठा कोड मॉड्यूलमध्ये विभागायची सोय. एकेक ओळ लिहून लगेच उत्तर दाखवणारं 'जेशेल' हे साधनही मिळालं. यानंतर दर सहा महिन्यांनी नवं व्हर्जन येऊ लागलं.
- मार्च २०१८, जावा १०: 'व्हार' आलं.
- २०२० आणि २०२१, जावा १४ ते १७: नव्या पद्धतीचं 'स्विच', अनेक ओळींचा मजकूर थेट लिहायची सोय, माहिती साठवण्यासाठी छोटे 'रेकॉर्ड'.
- सप्टेंबर २०२३, जावा २१: 'व्हर्च्युअल थ्रेड', म्हणजे एकाच वेळी हजारो कामं कमी खर्चात हाताळण्याची सोय.
- सप्टेंबर २०२५, जावा २५: पहिल्या धड्यात पाठ करावी लागणारी 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' ही लांबलचक ओळ छोट्या प्रोग्रॅमसाठी सक्तीची राहिली नाही.

ही यादी पाहून घाबरायचं कारण नाही. जावा जुना कोड शक्यतो मोडत नाही. २०१२ मध्ये लिहिलेला साधा 'फॉर' लूप आजही चालतो. नव्या पद्धतींची भर पडली, पण जुन्या बहुतांश तशाच राहिल्या. त्यामुळे जावाकडे परतणाऱ्याला पहिल्या दिवसापासून काहीतरी चालणारं लिहिता येतं. अडचण येते ती इतरांनी लिहिलेला नवा कोड वाचताना.

प्रत्येक भाषेनं असं केलेलं नाही. पायथनचं तिसरं व्हर्जन डिसेंबर २००८ मध्ये आलं, तेव्हा निर्मात्यांनी काही जुन्या गोष्टी जाणीवपूर्वक मोडल्या. दोन्ही व्हर्जन बरीच वर्षं शेजारी-शेजारी चालली. १ जानेवारी २०२० ला पायथन २ ची अधिकृत देखभाल थांबली.

सी प्लस प्लसची कहाणी आणखी वेगळी. महाराष्ट्रात बारावीला 'कॉम्प्युटर सायन्स' घेतलेल्या अनेकांची या भाषेशी ओळख निळ्या पडद्याच्या टर्बो सी प्लस प्लसवर झाली. बोरलँड कंपनीचं ते सॉफ्टवेअर १९९० मध्ये आलेलं, डॉसच्या जमान्यातलं. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये ठरलं. म्हणजे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिलेली भाषा ही मानक ठरण्याआधीची होती. तिथे शिकलेल्यांना आजचं सी प्लस प्लस परकं वाटलं, तर तो त्यांच्या स्मरणशक्तीचा दोष नाही.

आवाज करणाऱ्या चुका आणि गप्प बसणाऱ्या चुका

एटीएमचा पिन बदलल्यावर काही दिवस बोटं आपोआप जुना पिन दाबतात. आधी शिकलेली गोष्ट नव्या गोष्टीच्या आड येते, याचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. कोडिंगकडे परतणाऱ्यांना याचा सतत अनुभव येतो.

जुन्या सवयीमुळे होणाऱ्या चुका दोन प्रकारच्या असतात.

पहिल्या प्रकारच्या चुका आवाज करतात. टर्बोच्या सवयीनं 'आयओस्ट्रीम डॉट एच' लिहिलं किंवा पडदा साफ करायला 'सीएलआरएससीआर' वापरलं, तर आजचे नेहमीचे कंपायलर थेट एरर देतात. पायथन ३ मध्ये 'प्रिंट' नंतर कंस टाकला नाही, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. अशा चुका त्रासदायक वाटतात, पण त्या फारसं नुकसान करत नाहीत. चूक कुठे आहे ते कळतं, ती दुरुस्त होते आणि आठ दिवसांत सवय बदलते.

दुसऱ्या प्रकारच्या चुका गप्प बसतात. प्रोग्रॅम चालतो, उत्तरही येतं, फक्त ते चुकीचं असतं.

जावातल्या तारखेचं उदाहरण पाहा. जुन्या 'कॅलेंडर' पद्धतीत महिने शून्यापासून मोजले जायचे. जानेवारी म्हणजे ०, ऑगस्ट म्हणजे ७, डिसेंबर म्हणजे ११. तेव्हाच्या प्रोग्रॅमरांना 'महिन्यातून एक वजा करायचा' हे अंगवळणी पडलं होतं. जावा ८ मधल्या नव्या लायब्ररीत मात्र जानेवारी म्हणजे १ आणि डिसेंबर म्हणजे १२.

आता समजा, एखाद्याला १५ ऑगस्ट ही तारीख हवी आहे. जुन्या सवयीनं त्यानं महिन्याच्या जागी ७ लिहिलं. नव्या लायब्ररीत त्याचा अर्थ होतो १५ जुलै. तारीख वैध आहे, त्यामुळे एरर येत नाही. १५ तारखेच्या बाबतीत फक्त जानेवारीसाठी ० लिहिलं, तरच प्रोग्रॅम तक्रार करतो. म्हणजे वर्षातल्या १२ पैकी ११ महिन्यांत ही चूक गुपचूप निसटते. तारीख कर्जाच्या हप्त्याची किंवा फॉर्म भरण्याच्या मुदतीची असेल, तर परिणाम काय होईल याची कल्पना करता येते.

पायथनमध्ये भागाकाराचं असंच आहे. पायथन २ मध्ये '७ / २' चं उत्तर ३ यायचं, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच धरला जायचा. पायथन ३ मध्ये तेच लिहिल्यावर उत्तर येतं ३.५. पूर्णांक हवा असेल, तर भागाकाराची तिरकी रेघ दोनदा द्यावी लागते.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत साठवलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी पायथन २ मध्ये साध्या पद्धतीनं विचारली, तर उत्तर १५ यायचं. कारण तिथे बाइट मोजले जायचे आणि देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. पायथन ३ मध्ये उत्तर येतं ५. इथे म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच खुणा मोजल्या जातात. वाचणाऱ्याला मात्र तीनच अक्षरं दिसतात. त्यामुळे 'नावात जास्तीत जास्त ३० अक्षरं' असा नियम कोडमध्ये लिहायचा असेल, तर जुन्या आठवणीवर विसंबून चालत नाही.

या तिन्ही ठिकाणी चूक करणारी व्यक्ती काहीही विसरलेली नाही. तिला सगळं नीट आठवतंय. म्हणूनच तिला ते तपासून पाहावंसं वाटत नाही.

भाषेच्या आजूबाजूचं जगही बदललं

कॉलेजात एकच फाइल लिहून ती चालवली की काम झालं. नोकरीत कोड लिहिणं हा कामाचा एक भाग असतो. बाकीचा भाग साधनांचा, आणि तिथे अनेकदा भाषेपेक्षाही जास्त बदल झालेला असतो.

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन २००५ मध्ये आलं, गिटहब २००८ मध्ये आणि डॉकर २०१३ मध्ये. २०१० च्या आधी काम थांबवलेल्या अनेकांनी बदल जपण्यासाठी फोल्डरला 'फायनल', 'फायनल २' अशी नावं दिलेली असतात. आज गिट येणं बहुतेक ठिकाणी गृहीत धरलं जातं.

जावाच्या जगात तर नावंच बदलली. कंपन्यांच्या मोठ्या वेब ॲप्लिकेशनसाठी वापरलं जाणारं 'जावा ईई' ऑरेकलनं एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं. पण 'जावा' या नावाचा ट्रेडमार्क ऑरेकलकडेच राहिला. म्हणून २०१८ मध्ये नवं नाव ठरलं, 'जकार्ता ईई'. (जकार्ता हे शहर जावा बेटावरच आहे.) पुढे २०२० मध्ये कोडमधली 'जावाएक्स' नं सुरू होणारी अनेक नावं 'जकार्ता' नं सुरू होऊ लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ या लोकप्रिय फ्रेमवर्कनं हीच नवी नावं स्वीकारली आणि किमान जावा १७ सक्तीचं केलं.

त्यामुळे २०१५ च्या व्हिडिओतला कोड आज जसाच्या तसा उतरवला, तर 'पॅकेज सापडत नाही' असा एरर येऊ शकतो. शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. खरं कारण असतं व्हिडिओची तारीख.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी कोरी फाइल, मग पुस्तक. पहिल्या दिवशी काहीही न वाचता एक छोटा प्रोग्रॅम लिहून पाहावा. नावांची यादी घ्यायची, क्रमानं लावायची, छापायची, इतकंच. कुठे अडतंय ते कागदावर लिहावं. आठवण्याचा प्रयत्न करणं हीच शिकण्याची एक पद्धत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा-पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

तीन रकाने करावेत. 'आठवतं', 'विसरलं' आणि 'बदललं'. पहिले दोन आपोआप भरतात. तिसरा मुद्दाम भरावा लागतो, कारण जे बदललंय ते आपल्याला माहीतच नसतं. त्यासाठी आपण सोडलं तेव्हाचं व्हर्जन शोधावं आणि तिथपासून पुढच्या प्रत्येक व्हर्जनमध्ये काय नवं आलं, त्याची भाषेच्या अधिकृत संकेतस्थळावरची नोंद वाचावी. सगळं समजलं नाही तरी चालेल. 'तारखेची पद्धत बदलली' इतकं कळलं, तरी वेळ येईल तेव्हा तिथे थांबायचं भान राहतं.

व्हर्जन ठरवून घ्यावं. जावात दर सहा महिन्यांनी नवं व्हर्जन येतं, पण अनेक कंपन्या दीर्घकाळ देखभाल मिळणारी व्हर्जन वापरतात. अलीकडची अशी व्हर्जन म्हणजे १७, २१ आणि २५. यातलं एक निवडून त्यावरच सराव करावा. ओपन-जेडीके या मुक्त स्रोत प्रकल्पावर आधारलेलं जावा शिकण्यासाठी मोफत मिळतं.

स्वतःचा जुना कोड मिळाला, तर तो सोनं आहे. जुन्या ईमेलमध्ये, पेन ड्राइव्हवर किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टच्या सीडीत तो सापडू शकतो. (कंपनीचा कोड घरी ठेवणं किंवा वापरणं मात्र करारात बसत नाही.) तो नव्या व्हर्जनवर चालवावा. जिथे एरर येतो, तिथे बदल झालाय. चालला, तर एकेक भाग नव्या पद्धतीनं लिहून पाहावा. विचार आपलाच असल्यामुळे लक्ष फक्त भाषेवर देता येतं.

एक छोटं काम पूर्ण करावं. भिशीचा हिशेब हे चांगलं उदाहरण आहे. बारा सभासद, दरमहा ठरलेली रक्कम, कोणाची बारी झाली, कोणाचे पैसे यायचे आहेत. यात याद्या येतात, तारखा येतात, फाइलमध्ये साठवणं येतं आणि चुकीची रक्कम टाकली तर काय करायचं हेही येतं. हे गिटमध्ये ठेवून पूर्ण केलं, तर भाषा आणि साधनं या दोन्हींचा सराव एकत्र होतो.

उत्तर तपासणारा कोडही लिहावा. गप्प बसणाऱ्या चुका पकडण्याचा हाच भरवशाचा मार्ग आहे. 'ऑगस्टचा हप्ता मागितला, तर महिना ऑगस्टच यायला हवा' अशी चार ओळींची चाचणी जुनी सवय लगेच उघडी पाडते.

एक गोष्ट टाळलेली बरी. 'व्हेरिएबल म्हणजे काय' इथपासून सुरू होणारा ४० तासांचा कोर्स सलग पाहणं. सगळं ओळखीचं वाटतं, मान डोलत राहते आणि नेमका बदललेला भाग त्या ओळखीच्या गर्दीत निसटून जातो.

एआय कोड लिहितंय, मग पुन्हा शिकायचं कशाला?

गिटहब कोपायलट २०२१ मध्ये चाचणीसाठी खुलं झालं आणि चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. मधल्या काळात ब्रेक घेतलेल्यांना हा सगळ्यात मोठा बदल वाटतो.

एका अर्थानं ही साधनं परत येणाऱ्यांच्या फायद्याची आहेत. सिंटॅक्स आणि लायब्ररीतली नावं, म्हणजे सगळ्यात आधी विसरले जाणारे दोन थर, ती लगेच पुरवतात. काय हवंय ते नेमकं सांगणं आणि आलेलं उत्तर बरोबर आहे का ते ठरवणं, हे तिसऱ्या थराचं काम माणसाकडे राहतं. अनुभवी माणसाची बाजू तिथेच बळकट असते.

पण एक धोकाही आहे. ही साधनं अनेक वर्षांत लिहिल्या गेलेल्या कोडवर शिकलेली आहेत. त्यात जुना कोडही भरपूर आहे. त्यामुळे ती कधीकधी जुनीच पद्धत सुचवतात. परतलेल्या व्यक्तीला ती ओळखीची वाटते आणि म्हणून बरोबरही वाटते.

सरावाच्या काळात क्रम उलटा ठेवलेला चांगला. आधी स्वतः लिहायचं, मग विचारायचं, 'हे आजच्या व्हर्जनमध्ये कसं लिहितात आणि का?' आलेलं उत्तर अधिकृत माहितीशी पडताळून पाहायचं.

नोकरीत परतताना

करिअरमधल्या खंडाचा प्रश्न भारतात स्त्रियांच्या वाट्याला जास्त येतो. २०१७ च्या कायदादुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी मातृत्व रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली. पण मूल सहा महिन्यांचं झाल्यावर घरची जबाबदारी संपत नाही आणि अनेकींची रजा राजीनाम्यात बदलते. अशा स्त्रियांना परत आणण्यासाठी टाटा समूहानं २००८ मध्ये 'सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्रॅम' सुरू केला. नंतर इतर आयटी कंपन्यांनीही अशा योजना आणल्या.

मुलाखतीत 'मला जावा येतं' हे वाक्य फार काही सांगत नाही. 'जावा ६ वर चार वर्षं काम केलं, आता १७ वर सराव केलाय, तारखेची नवी लायब्ररी आणि स्ट्रीम वापरून हा हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिलाय' हे वाक्य बरंच सांगतं. खंड किती वर्षांचा होता हे समोरच्याला बायोडेटात दिसतंच. त्या खंडात काय बदललं हे उमेदवाराला ठाऊक आहे का, हे मात्र अशा उत्तरातून कळतं.

जुनं ज्ञानही नेहमी टाकाऊ ठरत नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या लाटेत अमेरिकेत बेरोजगार भत्त्यासाठी अर्जांचा पूर आला. न्यू जर्सी राज्याची यंत्रणा जुन्या मेनफ्रेमवर, कोबोल या भाषेत चालत होती. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांनी पुढे यावं, असं जाहीर आवाहन केलं. कोबोलचा आराखडा १९५९ मध्ये तयार झाला होता.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांत जुना कोड वर्षानुवर्षं चालत राहतो आणि तो कधी ना कधी नव्या व्हर्जनवर न्यावाच लागतो. त्या कामात 'आधी असं का लिहायचे' हे माहीत असलेला माणूस लागतो. ते त्याला आठवत असतं. आता ते कसं लिहितात, एवढं त्यानं शिकून घ्यायचं असतं.